डेटा अ‍ॅनालिटिक्स की अ‍ॅक्चुरियल सायन्स? डिग्रीचं नाव नंतर बघ, आधी पेपर बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरची मुलगी, बारावी सायन्स, गणित मनापासून आवडतं, इंजिनियरिंगला जायचं नाहीये. एका खासगी युनिव्हर्सिटीत डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि अ‍ॅक्चुरियल सायन्स (म्हणजे विमा, पेन्शनमधल्या जोखमीचं गणित) अशी एकत्र बीएस्सी आहे, फी घरच्यांना झेपेल पण ताण पडेल अशी. दुसरीकडे पुण्यात साधी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स मिळू शकते. घेऊ काय? आणि वडिलांचा प्रश्न, एआय आल्यावर या फील्डमध्ये काही राहणार आहे का.

मी जनरल इन्शुरन्समध्ये (गाडी, पीक वगैरेंचा विमा) प्रायसिंग आणि रिझर्व्हिंग करते, म्हणजे हप्ता किती लावायचा आणि पुढच्या दाव्यांसाठी पैसे किती बाजूला ठेवायचे ते काढते, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, त्यामुळे कुठल्या डिग्रीची मुलं कुठे अडकतात ते बऱ्यापैकी जवळून बघितलंय. आधी सरळ उत्तर देऊन टाकते. कोर्सच्या नावाने काहीही ठरत नाही. तीन वर्षांत प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्सचे पेपर किती आणि किती खोल आहेत त्यावर सगळं ठरतं. त्या एकत्र डिग्रीत हे पेपर दणदणीत असतील आणि फी झेपत असेल तर खुशाल घे. नसतील तर साधी स्टॅटिस्टिक्स घे, आणि अ‍ॅक्चुरियलच्या परीक्षा (कॉलेजबाहेरच्या, त्या पास करून अ‍ॅक्चुअरी म्हणजे या गणिताचा तज्ज्ञ होता येतं) सोबत सुरू कर. माझ्या टीममध्ये दोन्हीकडची मुलं आहेत आणि जी पुढे गेलीत ती पाया पक्का असलेली आहेत.

आता हे का म्हणते ते नीट सांगते, कारण अ‍ॅनालिटिक्स आणि अ‍ॅक्चुरियल यातला फरक कुणी धड समजावत नाही. माहितीपत्रकात दोन्हीकडे तेच शब्द, प्रेडिक्शन, मॉडेलिंग, बिग डेटा, वगैरे.

बऱ्याच अ‍ॅनालिटिक्स कोर्समध्ये काय होतं, तर मुलांना एक स्वच्छ फाइल मिळते, सगळे कॉलम भरलेले, आणि त्यावर मॉडेल बसवायचं. आमच्याकडे येणारा डेटा मुळातच अर्धवट असतो, आणि तो कुणी निष्काळजीपणा केला म्हणून नाही, तर उरलेला अर्धा भाग अजून घडायचाय म्हणून. गाडीचा अपघात या वर्षी झाला, थर्ड पार्टीचा दावा ट्रिब्युनलमध्ये गेला, पैसे कधी द्यावे लागतील तर काही वर्षांनी. पण कंपनीला या वर्षीचा हिशोब याच वर्षी मांडायचाय. मग न आलेल्या क्लेमसाठी पैसे बाजूला किती ठेवायचे? या प्रश्नावर अख्खी शाखा उभी आहे.

छोटे आकडे घेऊन दाखवते, वही काढून करून बघ. समज २०२२ मध्ये झालेल्या अपघातांसाठी कंपनीने पहिल्या वर्षाअखेर ४० कोटी दिले, दुसऱ्या वर्षाअखेर एकूण ६०, तिसऱ्या वर्षाअखेर एकूण ६६ आणि विषय संपला. २०२३ च्या अपघातांसाठी पहिल्या वर्षाअखेर ५०, दुसऱ्याअखेर एकूण ७५. २०२४ च्या अपघातांसाठी पहिल्या वर्षाअखेर ६०, पुढचं अजून माहीत नाही. हे एकाखाली एक लिहिलंस की त्रिकोण तयार होतो. आता पहिल्या वर्षावरून दुसऱ्या वर्षाकडे रक्कम कितीपट होते? ६० अधिक ७५ म्हणजे १३५, भागिले ४० अधिक ५० म्हणजे ९०, उत्तर १.५. दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे ६६ भागिले ६०, म्हणजे १.१. मग २०२३ चा शेवट ७५ गुणिले १.१, म्हणजे ८२.५ कोटी. २०२४ चा शेवट ६० गुणिले १.५ गुणिले १.१, म्हणजे ९९ कोटी. अजून द्यायचे राहिले ७.५ अधिक ३९, एकूण ४६.५ कोटी. याला चेन लॅडर म्हणतात, आणि जगभरात रिझर्व्हिंगची सुरुवात बहुतेक इथूनच होते.

आता यातली गंमत बघ. २०२४ चं प्रीमियम समज ९० कोटी होतं. डॅशबोर्डवाला (डेटाचे तयार चार्ट दाखवणारा) सांगेल की ९० घेतले, ६० दिले, म्हणजे ६७ टक्के, मस्त धंदा चाललाय, रेट कमी करून अजून पॉलिसी विका. आणि खरा आकडा आहे ९९ भागिले ९०, ११० टक्के, म्हणजे खर्च धरायच्या आधीच कंपनी तोट्यात आहे. डॅशबोर्डमध्ये चूक एकही नाही, चार्ट बरोबर, एसक्यूएल (डेटा काढायची भाषा) बरोबर, फक्त डेटा अजून पूर्ण व्हायचाय हे त्याला माहीत नाही.

आणि एवढ्यावर थांबता येत नाही. समज २०२४ मध्ये क्लेम डिपार्टमेंटने सेटलमेंट फास्ट केलं, जे पुढच्या वर्षी द्यायचे ते याच वर्षी देऊन टाकले. मग ते ६० मुळातच फुगलेले आहेत, त्यांना १.५ ने गुणलं की तू गरजेपेक्षा जास्त पैसे अडकवून ठेवशील. हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी उठून क्लेमवाल्यांच्या टेबलाशी जायचं आणि विचारायचं, यावर्षी काही बदललंय का. माझ्या मते अ‍ॅक्चुरियल कामाचा निम्मा भाग हे विचारणं आहे, आणि कॉलेजमध्ये हे शिकवणारा शिक्षक मिळाला तर त्याचे लेक्चर एकही बुडवू नकोस.

हाच अर्धवट डेटाचा मुद्दा अ‍ॅनालिटिक्समध्येही येतो, फक्त तिथे तो पटकन लक्षात येत नाही. एखाद्या अ‍ॅपचे ग्राहक सरासरी किती महिने टिकतात असं विचारलं की फ्रेशर काय करतो, जे सोडून गेले त्यांच्या महिन्यांची सरासरी काढतो. अरे पण जे अजून टिकून आहेत ते कुठे गेले? त्यांचा शेवट अजून दिसलेला नाही, आणि तेच सगळ्यात जास्त टिकणारे आहेत, त्यांना वगळलं की उत्तर कमीच येणार. याला सेन्सॉरिंग म्हणतात, यासाठी कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेली पद्धत आजही वापरतात, कॅन्सरच्या औषधाच्या ट्रायलमध्येही तीच आणि आयुर्विम्यातही तीच. अ‍ॅक्चुरियलच्या सीएस२ मध्ये, म्हणजे स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या पेपरमध्ये, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस म्हणून हे सगळं आहे. म्हणून म्हणते की दोन्ही विषय सोबत शिकणं ही कल्पना उत्तमच आहे, फक्त मुळापासून शिकवलं जात असेल तर.

तू सोलापूरकडची आहेस म्हणून पीक विम्याचंही सांगते, घरात किंवा शेजारी हा विषय निघतच असेल. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. यात शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला १.५, नगदी पिकांना ५, आणि त्याच्यावरचा उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतं. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा वाटाही राज्याने भरला, एक रुपयात पीक विमा म्हणून, आणि २०२५ च्या खरिपापासून ते बंद होऊन पुन्हा शेतकऱ्याचा हिस्सा सुरू झाला. या सगळ्याच्या मागे जो पूर्ण हप्ता असतो त्याला अ‍ॅक्चुरियल प्रीमियमच म्हणतात. तो कसा येतो ते बघ.

महसूल मंडळाचं मागच्या ७ वर्षांचं उत्पादन घ्यायचं, त्यातली चांगली ५ वर्षं धरायची, सरासरी काढायची आणि जोखीमस्तराने (योजनेत ठरलेला टक्का) गुणायचं, ते झालं उंबरठा उत्पादन. समज सोयाबीनचे हेक्टरी किलो असे आहेत: १४००, १३००, ६००, १५००, १२००, ९००, १६००. यातले ६०० आणि ९०० बाजूला, उरलेल्यांची सरासरी १४००. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ९८०. आता यंदा पीक कापणी प्रयोगात ७३५ आलं, तर तूट २४५, ती ९८० च्या पाव हिस्सा आहे, म्हणून विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई. हेक्टरी ५०,००० चं संरक्षण असेल तर १२,५०० रुपये.

भरपाईचं गणित आठवीच्या मुलालाही येईल. अवघड आहे ते हप्त्याचं. एक तर हातात वर्षांचे आकडे मोजकेच, त्यावरून मोठ्या दुष्काळाची शक्यता सांगायची. आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मोटार विम्यात पुण्यातल्या एका गाडीच्या अपघाताचा नागपूरच्या गाडीशी काही संबंध नसतो, म्हणून लाखभर गाड्या एकत्र केल्या की सरासरी स्थिर होते आणि विमा चालतो. दुष्काळ तसा एकेकट्याला गाठत नाही, पाऊस गेला की शेजारचं मंडळ, तालुका, जिल्हा, सगळेच एकदम जातात. कितीही शेतकरी जोडले तरी धोका हवा तसा कमी होत नाही. म्हणून पाऊस, उपग्रहाची चित्रं, मातीची माहिती हे सगळं अ‍ॅनालिटिक्सवाल्यांचं काम लागतं, आणि त्याच्यावर रिइन्शुरन्स (विमा कंपनीने स्वतःचा काढलेला विमा) आणि भांडवलाचा विचार अ‍ॅक्चुअरीचा लागतो. इंडिपेंडन्स (एका घटनेचा दुसरीशी संबंध नसणं) हा शब्द तुला एफवायला पहिल्या महिन्यात व्याख्या म्हणून शिकवतील, दोन ओळींची. तो शब्द चुकीचा गृहीत धरला तर काय होतं हे ज्याला कळलं त्याला माझ्याकडे इंटरव्ह्यूत जास्त काही विचारावं लागत नाही.

आता सिलॅबसचं. दोन्ही कॉलेजचा पूर्ण सिलॅबस मिळव, माहितीपत्रक नको. कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जेब्रा आहे का ते बघ. प्रोबॅबिलिटीचे निदान दोन पेपर हवेत, मग एस्टिमेशन आणि हायपोथिसिस टेस्टिंग, मग रिग्रेशन, आणि रिग्रेशन म्हणजे फक्त सरळ रेषा नाही, जनरलाइज्ड लिनियर मॉडेल पाहिजे, कारण इन्शुरन्सच्या प्रायसिंगमध्ये क्लेमची संख्या पॉइसन आणि क्लेमची रक्कम गॅमा या डिस्ट्रिब्यूशनने बसवणं हे रोजचं काम आहे. स्टोकॅस्टिक प्रोसेस आणि टाइम सीरिज असेल तर उत्तम. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, म्हणजे आजच्या शंभर रुपयांची वीस वर्षांनंतरची किंमत आणि उलट, हे अ‍ॅक्चुरियलच्या सीएम१ चं, म्हणजे विम्याच्या गणिताच्या पहिल्या पेपरचं, पहिलं पाऊल आहे. टूल्समध्ये आर किंवा पायथॉन, एसक्यूएल, आणि एक्सेल. एक्सेलला कमी समजू नकोस, सीएम१ आणि सीएम२ चा एक भाग कॉम्प्युटरवर एक्सेलमध्येच द्यायचा असतो आणि सीएस१, सीएस२ चा आरमध्ये.

सिलॅबसमध्ये दर सेमिस्टरला नुसती सॉफ्टवेअरची नावं दिसली, हे टूल, ते टूल, क्लाउड, डॅशबोर्ड, आणि प्रोबॅबिलिटी एका युनिटमध्ये उरकलेली असली, तर एवढी फी देऊ नका असं वडिलांना माझ्याकडून सांग. टूल चार महिन्यांत शिकता येतं, मी दरवर्षी मुलांना शिकवते. प्रोबॅबिलिटी नोकरी लागल्यावर मुळापासून शिकायला वेळच मिळत नाही, रात्री दहाला घरी येऊन अभ्यास करणारी मुलं बघितलीत मी, फार हाल होतात.

अजून एक, एकत्र डिग्रीवाले तुला सांगतील की आमच्याकडे शिकलं की अ‍ॅक्चुरियलच्या एवढ्या पेपरची सूट मिळते. कोणत्या संस्थेची, कोणत्या पेपरची, किती मार्क पडले तर, आणि तुझ्या बॅचला लागू आहे का, हे लेखी घे. सूट देणारी संस्था भारतातली की ब्रिटनमधली यानेही फरक पडतो. आणि अ‍ॅक्चुरियलचे पेपर शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पेपर स्वतः पास केलेत हे विचारायला अजिबात लाजू नकोस, एवढी फी भरणाऱ्याचा तो हक्क आहे.

परीक्षांचं गणित असं आहे. भारतात ही संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया, ऑफिस नवी मुंबईत. १९४४ मध्ये अ‍ॅक्चुरियल सोसायटी म्हणून सुरू झाली आणि २००६ च्या कायद्याने आत्ताचं रूप आलं. आत शिरायला एसीईटी नावाची प्रवेश परीक्षा, त्यात गणित, स्टॅटिस्टिक्स, डेटा इंटरप्रिटेशन, इंग्रजी आणि लॉजिकल रिझनिंग. बारावीनंतर देता येते आणि तुझं गणित चांगलं असेल तर हिला घाबरायचं कारण नाही. पुढे मात्र रस्ता लांब आहे. सीएस (स्टॅटिस्टिक्स), सीएम (विम्याचं गणित), सीबी (बिझनेस) हे सुरुवातीचे गट, मग सीपी (प्रत्यक्ष कामावरचे पेपर), त्यावर असोसिएट, मग स्पेशलायझेशनचे पेपर आणि फेलो, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्चुअरी. एकूण डझनभर पेपर, आणि नोकरी सांभाळून फेलो व्हायला सहा-आठ वर्षं लागणं अगदी नॉर्मल आहे. हुशार मुलं नापास होतात, कॉलेजात कायम पहिली आलेली मुलंही होतात, आणि ज्यांना पहिल्यांदाच नापास व्हावं लागतं ती फार खचतात. घरच्यांना हे आत्ताच समजावून ठेव, नाहीतर दुसऱ्या वर्षी शेजारच्या इंजिनियरशी तुलना सुरू होते.

माझा सल्ला, पहिल्या वर्षाला एसीईटी आणि कॉलेजचा अभ्यास एवढंच. दुसऱ्या वर्षाला सीएस१, कारण तो बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या अभ्यासाशी बराच जुळतो. तिसऱ्याला सीएम१ किंवा सीबी मधला एखादा. डिग्री संपताना दोन-तीन पेपर आणि नीट केलेला एक प्रोजेक्ट हातात असेल तर इंटर्नशिपला दारं उघडतात. पाच-सहा पेपर घेऊन आलेला पण अनुभव शून्य असलेला मुलगा कंपनीला कधीकधी अवघड जातो, पगार पेपरप्रमाणे मागतो आणि काम फ्रेशरचं येतं. म्हणून धावत सुटू नकोस.

प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरची तीच ती टायटॅनिकच्या प्रवाशांची सरावाची फाइल नको. आपल्या जिल्ह्याचे पावसाचे आणि पिकांचे सरकारी आकडे घे, वर जे उंबरठा उत्पादन काढलं ते तुझ्या मंडळाचं काढ, शेजारच्या मंडळांशी तुलना कर, सगळी एकदम किती वेळा बुडाली ते मोज. असा प्रोजेक्ट घेऊन कुणी आलं तर मी अर्धा तास त्यावरच बोलेन.

मराठी माध्यमातून आली असशील तर एक गोष्ट. गणिताला काही अडत नाही, पण वरचे पेपर लिहिण्याचे आहेत, सीपी३ तर पूर्ण संवादावरच आहे, तांत्रिक निकाल सामान्य माणसाला कळेल असा इंग्रजीत लिहायचा. आठवड्यातून एकदा एखादा चार्ट घेऊन त्यावर एक पान लिहायची सवय आत्तापासून लाव. आधी मराठीत आईला समजावून सांग, तिला कळलं की मग इंग्रजीत लिही. माझ्या टीममधली लातूरची मुलगी असंच करायची आणि आज तिचे रिपोर्ट आमच्याकडे सगळ्यात स्वच्छ असतात.

पैसे वाचवायचे तर आणखी एक वाट आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस डिग्री ऑनलाइन आहे, २०२१ पासून, जेईई लागत नाही, त्यांची क्वालिफायर प्रक्रिया पार करायची. आणि २०२२ पासून यूजीसीने दोन डिग्र्या सोबत करायची परवानगी दिलीय. पुण्यात बीएस्सी स्टॅटिस्टिक्स आणि सोबत ही, असं करणारी मुलं आहेत. पण त्यावर तिसरं अ‍ॅक्चुरियलचं ओझं एकाच वेळी घेऊ नकोस, तिन्ही अर्धवट राहतात. पुढे एमएस्सी करायची झाली तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे, तो पर्यायही डोक्यात ठेव, पुण्यापेक्षा राहण्याचा खर्च कमी पडतो.

वडिलांचा एआयचा प्रश्न अगदी रास्त आहे. फाइल साफ करणं, चार्ट काढणं, साधा कोड लिहिणं हे काम कमी होतंय, आमच्याकडेही झालंय, आणि फक्त तेवढंच येणाऱ्या मुलांना त्रास होणार हे मी लपवणार नाही. पण विमा कंपनीला अपॉइंटेड अ‍ॅक्चुअरी ठेवावाच लागतो, तो रिझर्व्हवर सही करतो आणि उद्या आयआरडीएआयने (विम्याची सरकारी नियामक संस्था) विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायचंय. मॉडेल कुणीही बनवो, वरच्या चेन लॅडरमधलं १.५ इथे का चालेल आणि तिथे का चालणार नाही, हे सांगणारं माणूस लागतंच.

आणि मॉडेलवर आंधळा भरवसा ठेवला की काय होतं याचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी विमा कंपन्या भारतीयांना आयुर्विमा द्यायलाच तयार नसत, दिला तर जास्त हप्ता लावत, कारण त्यांच्या हिशोबात भारतीय माणूस म्हणजे जास्त धोका. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल सुरू झाली आणि तिने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. आज कुठलं मॉडेल पिनकोड बघून एखाद्या वस्तीला महाग हप्ता लावत असेल तर तोच प्रश्न परत समोर येतो, आणि तो विचारायची हिंमत आणि अभ्यास दोन्ही असलेली मुलं मला टीममध्ये हवी आहेत.

नोकऱ्यांचं म्हणशील तर एलआयसी, जीआयसी री, न्यू इंडिया या सगळ्या सरकारी विमा कंपन्यांची मुख्य ऑफिसं मुंबईत आहेत, खासगी कंपन्या मुंबई-पुण्यात आहेत, परदेशी कंपन्यांचं काम इथून करणारी ऑफिसंही आहेत. शिवाय ग्रॅच्युइटीचं व्हॅल्युएशन (कंपनीला पुढे किती ग्रॅच्युइटी द्यावी लागेल याचा हिशोब) करणाऱ्या छोट्या कन्सल्टिंग फर्म असतात, त्यांच्याकडे इंटर्नशिप मिळाली तर सोडू नकोस, छोटी जागा असते म्हणून डेटा मागवण्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं हाताखालून जातं. आणि अ‍ॅक्चुरियल मध्येच सोडावंसं वाटलं तरी स्टॅटिस्टिक्स पक्की असलेल्या मुलीला बँकेतलं क्रेडिट रिस्क आहे, क्लिनिकल ट्रायल आहेत, आणि सरकारी नोकरी हवी असेल तर इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा आहे. साध्या डिग्रीच्या बाजूने माझं मत झुकतं त्याचं हे एक मोठं कारण आहे, ती कुठल्याही बाजूला वळते.

दोन्हीकडचे पूर्ण सिलॅबस मिळाले की मला पाठव, सोबत फीचं पान आणि सूट देण्याबद्दल त्यांनी जे लेखी दिलं असेल ते पण. कुठला पेपर किती कामाचा ते त्यावर खुणा करून देते, म्हणजे वडिलांना दाखवून घरात नीट बोलता येईल.